फवारणीच्या सूचनांत कमरेखालचे अंग कुठे आहे?

महोदय,

पऱ्हाटी (कपाशी) कमरेच्या वर गेली की दैनिकांतून फवारणीच्या सूचना येऊ लागतात: मास्क लावा, चष्मा घाला, हातमोजे वापरा, वाऱ्याच्या विरुद्ध फवारू नका. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक जीव गेले, त्यामुळे या सूचना छापायलाच हव्यात. पण ओल्या झाडांतून चालताना आणि पाठीवरचा पंप गळत असताना आधी भिजतो तो पायजमा. त्याबद्दल एक ओळही नसते.

कातडी सगळीकडे सारखी नसते. पॅराथिऑन हे ऑर्गॅनोफॉस्फेट गटातले कीटकनाशक माणसांच्या त्वचेवर लावून झालेल्या जुन्या मोजमापांत कोपराखालच्या हातातून नऊ टक्क्यांच्या आसपास विष शरीरात गेले. अंडकोषाच्या पिशवीवरून जवळपास सगळेच गेले. म्हणजे सुमारे बारापट.

ते आत गेल्यावर काय करते? नसांच्या टोकाशी ऍसिटिलकोलीन हे रसायन सुटते, समोरच्या पेशीवरील रिसेप्टरला (इशारा पकडणाऱ्या जागेला) चिकटते आणि कोलिनेस्टेरेज नावाचे एन्झाइम त्याला लगेच तोडते. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉससारखी याच गटातली औषधे हे एन्झाइमच बंद पाडतात, म्हणून ऍसिटिलकोलीन साचते आणि रिसेप्टर सतत चेतत राहतो. लाळ, घाम, बारीक झालेली बाहुली, थरथर ही लक्षणे त्यातूनच येतात. हे रिसेप्टर मस्कॅरिनिक आणि निकोटिनिक अशा दोन प्रकारचे, आणि ते पुरुषाच्या जननेंद्रियांतही असतात, हे मात्र फारसे बोलले जात नाही. प्रोस्टेटचा स्राव मस्कॅरिनिक रिसेप्टरच्या इशाऱ्यावर वाढतो. खुद्द शुक्रजंतूवर निकोटिनिक रिसेप्टर आहे, आणि शुक्रजंतूला तर कुठलीच नस जोडलेली नसते! या रिसेप्टरचा अल्फा-७ हा घटक नसलेल्या उंदरांचे शुक्रजंतू नीट पोहत नाहीत, हे २००५ मध्ये दिसून आले. इमिडाक्लोप्रिड, ऍसिटामिप्रिड ही रसशोषक किडींवरची औषधे निकोटिनिक रिसेप्टरवरच काम करतात. किडीच्या रिसेप्टरला ती कितीतरी घट्ट बसतात, माणसाच्या रिसेप्टरला कमी. पण कमी म्हणजे शून्य नव्हे.

दवाखान्यात ऍट्रोपिन दिल्यावर लाळ-घाम आटोक्यात येतो, कारण ते मस्कॅरिनिक रिसेप्टर अडवते. निकोटिनिकवर त्याचा इलाज चालत नाही. तेव्हा घाम थांबला म्हणजे विष उतरले असे धरून कोणी दुसऱ्या दिवशी पंप पाठीवर घेऊ नये.

त्यात खर्रा, म्हणजे तंबाखू, सुपारी आणि चुन्याचे मिश्रण. तंबाखूतले निकोटिन निकोटिनिक रिसेप्टरवर बसते, सुपारीतले ऍरेकोलिन मस्कॅरिनिकवर, आणि चुन्यामुळे निकोटिन तोंडाच्या अस्तरातून आणखी भरकन शोषले जाते. फवारणीच्या हाताने खर्रा तोंडात टाकणारा माणूस एकाच जागी तीन बाजूंनी घाव घालून घेतो.

जननेंद्रियांत अशा रिसेप्टरांचे काम किती खरे आहे, ते पाहायला प्रयोगशाळेत जायची गरज नाही. लघवी अडते म्हणून टॅमसुलोसिन किंवा सायलोडोसिन घेणाऱ्या काही पुरुषांचे वीर्य बाहेर येणे कमी होते किंवा थांबते. नॉरऍड्रेनालिन या नसांच्या दुसऱ्या रसायनाचा अल्फा-१ रिसेप्टर अडल्याने शुक्रवाहिनी आणि मूत्राशयाचे तोंड नीट आवळले जात नाही, एवढेच. त्याला ‘धातू गेली’ म्हणून वैदूकडे पैसे घालवू नयेत. गोळी लिहिणाऱ्या डॉक्टरला विचारावे.

आता करायचे काय? पंपात आधी साधे पाणी भरून दाब द्यावा. झाकण, नळीचा जोड आणि खटका या तिन्ही ठिकाणी गळती पाहावी, वायसर बदलावा. छातीपासून गुडघ्याखालपर्यंत येणारा जाड प्लास्टिकचा ऍप्रन बांधावा. पायजमा बुटाच्या बाहेर ठेवावा, आत खोचला तर औषध बुटात उतरते. कपडा भिजला की तेव्हाच बदलावा, संध्याकाळची वाट पाहू नये, आणि मांड्या-जांघा साबणाने धुवाव्यात. लघवीला जाण्यापूर्वी हात साबणाने धुणे हे तर कोणीच सांगत नाही, म्हणून मुद्दाम लिहितो. फवारणीचे कपडे घरच्या धुण्यात मिसळू नयेत. बहुधा ते बाईच धुते.

मूल होत नाही म्हणून आमच्याकडे सुनेच्या तपासण्या वर्षानुवर्षे चालतात, मुलाची एक साधी वीर्यतपासणी होत नाही. ती करताना दोन ते सात दिवस संबंध टाळावा, नमुना हस्तमैथुनाने रुंद तोंडाच्या स्वच्छ डबीत घ्यावा, साधा निरोध वापरू नये आणि तासाभरात प्रयोगशाळेत पोचवावा. थंडीत डबी अंगाशी धरावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मापानुसार मिलिलिटरला १.६ कोटी शुक्रजंतू आणि ४२ टक्के हालचाल ही खालची मर्यादा आहे. एका अहवालावर निकाल लावू नये. शुक्रजंतू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात, पुढे वाहिनीत पिकायला आणखी काही दिवस. दिवाळीत दिलेल्या नमुन्यात पोळ्याच्या आगेमागे केलेल्या फवारणीचा हिशेब असतो. दुसरा नमुना शेवटच्या फवारणीनंतर तीन महिन्यांनी द्यावा.

कृषी विभागाने यंदाच्या पत्रकात ऍप्रन आणि जांघेची स्वच्छता या दोन ओळी वाढवाव्यात. वंध्यत्वासाठी आलेल्या पुरुषाला फवारणी, खर्रा आणि चालू गोळ्या हे तीन प्रश्न विचारण्याची पद्धत ग्रामीण रुग्णालयांनी घालून घ्यावी. त्याला यंत्र लागत नाही, निधीही लागत नाही.

— औषधशास्त्राचे दोन अध्यापक, जि. यवतमाळ