उगावला उतरू नकोस

मनू,

शनिवारी रात्री मी तुला जे बोललो ते तसं बोलायला नको होतं, शेजारच्या काकू गॅलरीत येईपर्यंत आवाज चढवायला तर अजिबातच नको होता. तुझी आई दोन दिवस माझ्याशी धड बोलत नाहीये. पण तू घरी येताना मधेच उगाव स्टेशनला उतरलीस. रात्री सव्वाअकराला, एकटी. ते मला अजून पचत नाहीये.

तू म्हणालीस गाडी पाऊण तास लूपला, म्हणजे बाजूच्या रुळावर, पडून होती, तीन एक्सप्रेस धडाधड निघून गेल्या, आणि बाहेर रस्त्याला द्राक्षाच्या क्रेटची पिकअप घेऊन निघालेले नवरा-बायको भेटले, चांगली माणसं होती. असतीलच, मी त्यांचे पाय धरायला तयार आहे. पण ती चांगली निघतील हे तुला उतरताना माहीत नव्हतं ना.

पॅसेंजरचं असंच असतं गं. मनमाडच्या इकडे दोनच लाइनी, मागून एक्सप्रेस आली की पॅसेंजर बाजूला. टाइमटेबलमध्ये साडेदहा छापलं की आपण साडेदहा धरून कुकर लावतो, पण ते साडेदहा मधे कोणी आडवं आलं नाही तरचं असतं. वर शेवटच्या स्टेशनाच्या आधी जास्तीची मिनिटं घालून ठेवलेली असतात, म्हणजे देवळालीला पोचेपर्यंत कागदावरचा उशीर कमी होतो आणि उगाव-खेरवाडीला बसलेल्या माणसाची रात्र मात्र गेलेली असते. मोबाईलवरचं अ‍ॅप पण अंदाजच सांगतं, सिग्नल कधी मिळेल हे त्याला कुठून कळणार. म्हणून थांबली तर थांबू दे, डब्यात बसून राहा, लेडीज डबाच धर, दारात उभी राहू नको, रेल्वे हेल्पलाइनचा १३९ सेव्ह कर, चार्जिंग असतानाच... बघ, सुरू झालं माझं. सॉरी. नांदगावच्या ब्रांचची कॅश रोज पैशापैशाला जुळवणाऱ्या पोरीला मी दारात उभी राहू नको सांगतोय. परवा दादासमोर मी हेच छाती फुगवून सांगत होतो, की आमची मनू कॅश सांभाळते.

तू चार वर्षांची असताना आपण दोघं आत्याकडून भुसावळहून येत होतो ते आठवतं का? तुला स्टेशनं पाठ होती. मनमाड सुटलं की समिट, लासलगाव, उगाव, निफाड, कसबे-सुकेणे, खेरवाडी, ओढा, आणि ओढा म्हटलं की चपला शोधायला लागायचीस. समिटला गाडी थांबली, बाहेर काळोख, तू विचारलंस इथं कोणी उतरत नाही तर थांबते कशाला. मी म्हटलं कोणी चढणारा असेल. तू खिडकीच्या गजाला नाक लावून बसलीस, आणि खरंच एक म्हातारा बॅटरी घेऊन पळत आला, चढला, तर तू टाळ्या वाजवल्यास. त्या रात्री पण तीन तास लेट होतो आपण. तेव्हा घरी फोन नव्हता. रात्री दीडला पोचलो तर तुझी आई पायरीवर बसलेली, काही बोलली नाही, उठून आमटी गरम करायला गेली. मी तिला म्हटलं होतं, एवढं काय घाबरायचं, गाडीच तर आहे. परवा साडेदहापासून गॅलरीत उभा होतो तेव्हा तिची ती पायरी आठवली.

फोन आठ वेळा केला ते चुकलं. तिथं रेंज नसते हे मला माहीत आहे, तरी केला. आता नाही करणार. तू फक्त दोन मेसेज टाक, मनमाड सुटलं की एक आणि ओढ्याला दुसरा. मी नाशिकरोड स्टेशनला सिन्नरफाट्याच्या बाजूने स्कूटर लावून उभा असेन, शनिवारची गाडी रविवारी आली तरी असेन, त्यामुळे लवकर पोचायचं म्हणून मधे कुठे उतरायचं कारणच नाही.

आणि आजीची चॉकलेटी शाल बॅगेत टाक, निफाडकडची थंडी तुला नवीन नाही तरी तू ओढणीवरच फिरतेस.

आई विचारतेय, थालीपिठाची भाजणी शनिवारी रात्रीच मळून ठेवू का रविवारी सकाळी? तिला परस्पर कळव, माझं ती ऐकत नाहीये.

पप्पा