मोबाइलवर लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांचीही सोय पाहावी

महोदय,

लेखनविषयक ऑनलाइन अभ्यासक्रम बहुधा संगणकासमोर बसलेला विद्यार्थी गृहीत धरून आखले जातात. गोव्यातील सत्तरी, सांगे, काणकोण भागांतील अनेक विद्यार्थ्यांजवळ मात्र मोबाइलच असतो. २०२० च्या टाळेबंदीत नेटवर्कसाठी डोंगर चढणारी मुले साऱ्या गोव्याने पाहिली आणि त्या प्रश्नाची निदान चर्चा तरी झाली. परंतु नेटवर्क असूनही मोबाइलवर लिहिणे अडते, याची दखल फारशी कोणी घेत नाही.

जुन्या, युनिकोड (सर्व उपकरणांवर चालणारी अक्षरांची प्रमाण पद्धत) नसलेल्या फॉण्टमधली फाइल मोबाइलवर उघडली, तर देवनागरीच्या जागी निरर्थक रोमन अक्षरे दिसतात. ए-फोर आकाराची पीडीएफ वाचायची, तर प्रत्येक ओळ डावी-उजवीकडे सरकवावी लागते. समासात लिहिलेल्या शिक्षकांच्या सूचना एखाद्या बारीक चिन्हाआड दडतात आणि विद्यार्थ्याने त्या वाचल्याच नाहीत, असा ठपका त्याच्यावर येतो.

खरी अडचण पुनर्लेखनाची आहे. कीबोर्ड वर आला की पडद्यावर जेमतेम काही ओळी उरतात. त्यामुळे दुसऱ्या परिच्छेदातला मुद्दा पाचव्यात पुन्हा आला आहे, हे लिहिणाऱ्याच्या लक्षातच येत नाही. त्याला आपण विस्कळीत लेखन म्हणतो आणि गुण कापतो. यावर साधा उपाय आहे. प्रत्येक परिच्छेदाचा आशय एकेका ओळीत वहीवर उतरवून घ्यायचा, त्या ओळींचा क्रम आधी नीट लावायचा आणि मगच मोबाइलवरचा मजकूर हलवायचा. ही रीत अभ्यासक्रमातच शिकवावी आणि वहीच्या त्या पानाचा फोटोही स्वाध्यायाचा भाग म्हणून स्वीकारावा. बोलून टाइप करण्याची सोय कच्च्या खर्ड्यापुरती चांगली आहे. मात्र त्यात विरामचिन्हे बहुधा गळतात आणि घरी कोकणी बोलणाऱ्या मुलांचे उच्चार कधी कधी भलतेच उमटतात. म्हणून पहिल्या खर्ड्यात शुद्धलेखनाचे गुण कापू नयेत. मुदत मध्यरात्रीची ठेवण्याचा अट्टहासही, निदान वीज जाण्याच्या पावसाळी दिवसांत, सोडावा.

सर्वांना लॅपटॉप द्यावेत, अशी मागणी होते आणि ती रास्तच आहे. तोवर, ओटीजी जोडणीने (मोबाइलला इतर उपकरणे जोडणाऱ्या छोट्या जोडतारेने) साधा कीबोर्डही बहुतेक अँड्रॉइड मोबाइलला लावता येतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. पणजीच्या कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात आणि तालुक्यांच्या ग्रंथालयांत असे चार-पाच कीबोर्ड आणि स्वस्तात छापून देणारा एखादा प्रिंटर ठेवला, तर फार मोठा खर्च येणार नाही.

नवे सत्र सुरू होण्यापूर्वी संबंधित शिक्षकांनी आपल्याच अभ्यासक्रमातील पहिला स्वाध्याय एखाद्या साध्या मोबाइलवर स्वतः लिहून, तपासून आणि पाठवून पाहावा, अशी विनंती आहे.

आपला,
एक मराठी शिक्षक, डिचोली