पंखे की जेट?

प्रिय बंड्या,

तुझे मेसेज तसेच पडलेत, माहीत आहे. शिव्या नंतर घाल, आधी हे वाच. घरी सांगून झालं, शलाकालाही सांगून झालं. दोघांनीही "जिकडे पगार जास्त तिकडे जा" म्हणून विषय मिटवला. तब्येत उत्तम, मेडिकल झालं, चष्म्याचा नंबर तोच.

झालंय असं, की इतके दिवस कुणी ढुंकून बघत नव्हतं आणि आता एकाच आठवड्यात दोन रिजनल, म्हणजे छोट्या मार्गांवरच्या, विमान कंपन्यांची पायलटच्या नोकरीची पत्रं येऊन पडली. एकीकडे ई-175 जेट, दुसरीकडे पंख्यांचं टर्बोप्रॉप, एटीआर 72. हस, हस. टर्बोप्रॉपला "उडती पिठाची गिरणी" म्हणणारा तूच ना? त्यावरून मेसमध्ये आपली जुंपली होती आणि मोहित्या मध्ये पडून दोघांचंही ऐकून घेत बसला होता. तर त्या गिरणीकडेच माझा जीव ओढतोय, आणि कुणाला सांगायची चोरी झालीय.

जेटवाल्यांचं आधी सांगतो. पगार बरा, विमान देखणं, 41,000 फुटांपर्यंत जातं, म्हणजे बरंचसं हवामान पायाखाली. भरतीवाल्या बाईंनी छातीठोकपणे सांगितलं, "दोन वर्षांत कमांड," म्हणजे कॅप्टनची खुर्ची. आता हा हिशेब तुला मी काय सांगणार! आज जो कॅप्टन झाला तो दोन वर्षांपूर्वी लागला होता, एवढाच त्याचा अर्थ. मोठ्या कंपन्या वरून माणसं उचलतायत तोवर सिनिऑरिटीची यादी सरकते. त्यांनी भरती थांबवली की रिजनलमधून कुणी हलत नाही, आणि खाली लागलेला पोरगा फर्स्ट ऑफिसरच्या, म्हणजे सहवैमानिकाच्या, उजव्या सीटवरच म्हातारा होतो. शिवाय ही विमानं उडतात मोठ्या कंपनीच्या रंगात, तिच्याच कंत्राटावर. तिकीट त्यांचं, वेळापत्रक त्यांचं. उद्या कंत्राट दुसऱ्याला गेलं तर विमानं जाणार, बेस (जिथून आपली ड्युटी सुरू होते ते शहर) बंद होणार. "कंत्राट कधी संपतंय?" असं मी विचारलं, तर बाई युनिफॉर्मच्या मापांकडे वळल्या.

आणि बेस. नव्या माणसाला जो कुणालाच नको असतो तोच बेस मिळतो. माझ्या घरापासून तो विमानानेसुद्धा अर्ध्या दिवसाच्या अंतरावर. सुरुवातीला लाइन, म्हणजे महिन्याचं ठरलेलं वेळापत्रक, मिळणार नाही, रिझर्व्हवर बसायचं. फोन वाजला की हजर. म्हणजे तिकडे भाड्याची खोली, चारजणांत एक बाथरूम, आणि सुट्टीचा पहिला दिवस जंपसीटची (कॉकपिटमधल्या जादा सीटची) वाट बघण्यात, शेवटचा परत पोचण्यात. उरलं काय?

अमेरिकेतला बफेलोजवळचा अपघात आठवतो? कोलगन एअरची फ्लाइट 3407, फेब्रुवारी 2009. रडर सरांनी अख्खा तास घेतला होता त्यावर. फर्स्ट ऑफिसर सिएटलहून रात्रभर मालवाहू विमानांतून प्रवास करून नेवार्कला ड्युटीवर आलेली, कॅप्टन क्रू-रूममध्ये झोपलेला. वेग फार कमी झाल्याचा इशारा देणारा स्टिक शेकर वाजला तेव्हा त्याने कंट्रोल कॉलम पुढे ढकलायच्या ऐवजी मागे खेचला. 50 माणसं गेली. नंतर अमेरिकेत फर्स्ट ऑफिसरलासुद्धा साधारण 1500 तासांची अट आली. तू म्हणालास, बरोबर आहे, तास हवेतच. मी म्हणालो, अरे, त्या दोघांचेही तास 1500 च्या वरच होते! त्यावर तू चहा अर्धा टाकून उठून गेलास. थकव्याचा वाटा नेमका किती, हे तपासातही ठरवता आलं नाही, तेव्हा तू जिंकलास असं समज हवं तर. पण कम्यूटचा, म्हणजे घर ते बेस या प्रवासाचा, विचार आला की मला तो कॉलम आठवतो.

आता गिरणी. बेस घरापासून पाऊण तासावर. रात्री बहुतेक आपल्याच पलंगावर. छोटे सेक्टर (एकेक उड्डाण), दिवसाला चार-सहा लँडिंग, छोटे रनवे, हात चालू राहतो. परवा रॅम्पवर, म्हणजे विमानं उभी करतात तिथे, त्यांचं विमान जवळून बघितलं. एपीयू, म्हणजे जमिनीवर वीज आणि हवा देणारं छोटं जादा इंजिन, नाहीच त्याला. उजवं इंजिन चालू ठेवतात आणि प्रॉपेलर ब्रेक लावून पंखा जागीच धरतात, त्यावर वीज आणि केबिनची हवा. हॉटेल मोड म्हणतात. इंजिनाचा एवढा आवाज आणि पंख्याची पाती मख्ख उभी! मी बघतच राहिलो. कॅप्टनने वर कॉकपिटमध्ये नेऊन डाव्या खिडकीबाहेरचा बोटाएवढा दांडा दाखवला. बर्फ जमतोय का, ते त्याच्यावर दिसतं. कमाल उंची 25,000, म्हणजे ढगांत लोळायचं, हे आलंच. 1994 मध्ये अमेरिकेत रोझलॉनला एटीआर बर्फानेच पडलं होतं, 68 जण गेले, ते काही मी विसरलेलो नाही. त्यानंतर पंखांवरचे, फुगून बर्फ फोडणारे रबरी बूट मोठे केले, नियम कडक झाले. पण तो कॅप्टन त्या दांड्याबद्दल ज्या जिव्हाळ्याने बोलत होता, तसं जेटवाल्यांकडे कुणी कशाबद्दलच बोललं नाही.

खोट काय, तर पगार कमी आणि टाइप रेटिंगचा (त्या विमानाच्या खास प्रशिक्षणाचा) बॉण्ड. मधेच सोडलं तर पैसे भरा. आणि पुढे मोठ्या कंपनीत "जेटचे तास किती?" असं विचारतात, तेव्हा माझ्याकडे उत्तर नसेल. मोहित्या म्हणतो, आत्ता पंख्यात शिरलास तर पंख्यातच राहशील. त्याचं ऐकून रात्री झोप उडते, सकाळी उठून वाटतं, राहिलो तर काय बिघडलं?

खरा प्रश्न तुलाच विचारायचाय. तुझी कंपनी बुडाली तेव्हा तुझा सिनिऑरिटी नंबर एका मेलने शून्य झाला. आज तुझ्यापेक्षा लहान पोरगा डावीकडे, कॅप्टनच्या सीटवर, बसतो आणि तू त्याला गिअरची चेकलिस्ट वाचून दाखवतोस. ब्रिटनची फ्लायबी 2020 मध्ये बुडाली, पुन्हा उभी राहिली, जानेवारी 2023 मध्ये पुन्हा बुडाली. दोन्ही वेळा तिथे असलेल्यांचं काय झालं असेल! तर सही करण्याआधी तुला काही दिसलं होतं का? पगार उशिरा? इंजिनांचे सुटे भाग दुसऱ्या विमानांतून काढणं? एटीआरवाले छोटे आहेत, स्वतःची तिकिटं स्वतः विकतात. कुणाच्या कंत्राटावर नाहीत, पण कुणाच्या आधारावरही नाहीत. त्यांच्या फर्स्ट ऑफिसरला एकट्याला गाठून विचारलं, तर म्हणाला पगार वेळेवर होतो, रोस्टर मात्र आदल्या रात्री बदलतं. एवढ्यावर विश्वास ठेवू?

तुझं कसं चाललंय? बाळाला दात आले का? नवं घर मिळालं म्हणे, वहिनींना आवडलं ना? काकूंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, हे मला मोहित्याकडून कळलं, त्यांना नमस्कार सांग.

शुक्रवारपर्यंत दोघांनाही कळवायचंय. गुरुवारी रात्री फोन करतो, लेओव्हरवर, म्हणजे बाहेरगावी मुक्कामाला, असलास तर हॉटेलचा नंबर पाठवून ठेव. "तुला पटेल ते कर" एवढंच म्हणायचं असेल तर फोन उचलूच नकोस. आणि तो हिरवा हेडसेट माझाच आहे, तुझ्या नावाचं स्टिकर लावलंस म्हणून तुझा होत नाही.

तुझा,
पक्या