दुपारच्या वेळेतील वीजवापराबाबत सूचना

सर्व सभासदांस कळविण्यात येते की, सौरवीज मुबलक असते त्या वेळेकडे मागणी वळावी या हेतूने महावितरणने १ जुलै २०२५ पासून टीओडी मीटर (वीज दिवसाच्या कोणत्या वेळी वापरली हेही नोंदवणारा मीटर) असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतील वापरावर प्रति युनिट सवलत लागू केली आहे. जुना मीटर वापराची वेळ नोंदवत नसल्याने तेथे ही सवलत मिळत नाही. टीओडी मीटरधारकांनी कपडे धुणे, इस्त्री आणि विशेषतः विजेवरील स्कूटरचे चार्जिंग शक्यतो याच वेळेत करावे. खरी बचत अशा हलवता येणाऱ्या कामांतच आहे. पंखा किंवा रुग्णाचे उपकरण मात्र कोणीही घड्याळाकडे पाहून बंद ठेवू नये.

सचिव, व्यवस्थापक समिती