उपासाला काय चालतं?

पुणे,
आषाढी एकादशी

प्रिय सुध्या,

पत्र मिळालं. "अजून साबुदाण्याच्या खिचडीच्या दोन-दोन ताटल्या हाणतोस का?" असं विचारलंयस. नाही रे! समोर आली तर सोडत नाही, पण हल्ली एकादशीला जीव अडकतो तो वरीच्या तांदळात आणि दाण्याच्या आमटीत. शाळेत असताना जिला आजाऱ्याचं जेवण म्हणून आपण नाकं मुरडायचो, तीच वरी.

मागे आत्याकडे जेवलो. तिची वरी मोकळी, दाणा न् दाणा सुटा. आमच्या घरी कायम लगदा. विचारलं तर म्हणाली, "आधी कोरडी खमंग भाज, मग आधणाचं पाणी ओत. आणि सारखी ढवळत बसू नकोस." आमटीत दाण्याचं बारीक वाटण, हिरवी मिरची, आमसूल, गुळाचा खडा आणि वरून तूप-जिऱ्याची फोडणी. बस्स. इतक्या वर्षांत तिला हे कुणी विचारलंच नव्हतं म्हणे.

त्यात आमची कन्या. भर ताटावर विचारते, "बाबा, बटाटा चालतो, मग कांदा का नाही?" 'असतं तसं' म्हणून वेळ मारून नेली असती, पण डोक्यात भुंगा शिरला. शोधायला बसलो तर बटाटा, मिरची, शेंगदाणा, रताळं, सगळी मंडळी मूळची अमेरिका खंडातली! राजगिरासुद्धा तिकडचाच. साबुदाणा कसाव्याच्या कंदाचा, म्हणजे तोही दक्षिण अमेरिकेचा; दुसऱ्या महायुद्धात मलायाकडचा माल थांबला तेव्हा तमिळनाडूत सेलमकडे त्याचा धंदा उभा राहिला. ज्ञानेश्वरांच्या काळात आषाढीला यातलं काहीएक नव्हतं. वरी आणि शिंगाडा मात्र आपल्याकडचे जुने.

माझा आपला तर्क: कुणीतरी पहिल्यांदा बटाटा हातात घेऊन घरातल्या म्हातारीला विचारलं असणार, "हा चालेल का गं?" कांद्याला आधीपासूनच मनाई, बटाट्याचं नावच कुठल्या नियमात नाही. म्हातारी म्हणाली असेल, "कंदच ना? चालेल." कन्येला हे पटलेलं नाही. कांदाही जमिनीखालीच येतो, असा तिचा मुद्दा आहे, आणि मला उत्तर सुचलेलं नाही.

बरं, वहिनींच्या माहेरी उपासाला कोथिंबीर चालते का? आमच्याकडे नाही, शेजारी मात्र सर्रास घालतात. विचारून कळव. आणि कार्तिकीला इकडेच ये, आमटी मी करतो. वरी आत्याकडून आणू.

तुझा,
बाळ्या