तपासणी ऊसतोडीआधी व्हावी

संपादक महोदय,

1975 मध्ये युगांडातील एका चिमुरडीला हृदयशस्त्रक्रियेसाठी रोटरीने न्यूयॉर्कजवळ नेले. त्यातून मुलांच्या हृदयशस्त्रक्रियेला मदत करणारा ‘गिफ्ट ऑफ लाइफ’ उपक्रम उभा राहिला. आमच्या धारूरकडच्या मायबापाला मुंबईच परदेश! सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून अशी शस्त्रक्रिया मोफत होते, हे मान्य. पण अंगणवाडीत त्याचे तपासणी पथक येते तेव्हा लेकरू कधी कधी उसाच्या फडात असते. दूध पिताना दम लागतो, ओठ निळे पडतात; ही हृदयदोषाची खूण असू शकते. आई म्हणते, थंडी बाधली. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोड मजुरांच्या टोळ्या निघतात, तपासणी त्याआधीच उरका. आणि मदत करणाऱ्या संस्थांनी बुडालेल्या मजुरीचा, मुंबईतल्या मुक्कामाचाही खर्च धरावा. आगाऊ मजुरीची उचल घेतलेल्या बापाने टोळीच्या मुकादमाला काय सांगायचे?

— एक वाचक, धारूर (जि. बीड)