दोन मिनिटांत बंद केलेला बग

आदरणीय मॅडम,
स. न. वि. वि.

महाप्यातील आपल्या कार्यालयातून तुम्ही निरोप घेतलात तेव्हा केक कापण्याच्या गडबडीत मी फक्त शुभेच्छा दिल्या. तुमच्या टेस्टिंगच्या कामाला, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या चुका (बग) शोधण्याच्या कामाला, मी चारचौघांत कमी लेखले होते, म्हणून आभारही चारचौघांसमोरच मानावेत, यासाठी हे जाहीर पत्र.

विमा अर्जाच्या त्या प्रणालीत ग्राहकाचे नाव मराठीत भरण्याची सोय द्यायची होती आणि नावाचा 60 बाइटचा (बाइट म्हणजे संगणकातल्या साठवणीचे एकक) रकाना मी जुन्या प्रणालीतून जसाच्या तसा उचलला होता. तुम्ही त्यात तुमच्या आजोबांचे पूर्ण नाव भरलेत, तर मधले नाव अर्ध्यात तुटले आणि आडनाव नाहीसे झाले. ‘एवढे लांब नाव कोणी भरणार नाही’ असा शेरा मारून मी तो बग दोन मिनिटांत बंद केला. यूटीएफ-8 या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला 3 बाइट लागतात, काना, मात्रा आणि हलन्तही वेगळे मोजले जातात, त्यामुळे ‘ज्ञानेश्वर’ हे चार अक्षरांचे नाव एकटेच 30 बाइट घेते, हे मला ठाऊक होते. तरीही मी हिशेब केला नाही, कारण बग टेस्टिंगकडून आला होता.

आठवड्याभराने आमच्यातल्याच एका वरिष्ठ डेव्हलपरने तीच अडचण जाता जाता सांगितली, तेव्हा ‘बरे झाले लक्षात आणून दिलेत’ असे म्हणून मी लगेच दुरुस्तीला बसलो. तुम्ही शेजारच्याच टेबलावर होतात. बग एकच, पण सांगणारा बदलल्याबरोबर माझे उत्तर बदलले, हे मला त्या संध्याकाळी ठाण्याच्या गाडीत घणसोली ते ऐरोलीच्या दरम्यान कधीतरी उमगले आणि स्वतःचीच लाज वाटली.

तरी दुसऱ्या दिवशी ‘जुना कोड इतकी वर्षे विनातक्रार चालला होता’ अशी मी सबब सांगितलीच. त्यावर तुम्ही आवाज न चढवता एरियन 5 या युरोपीय रॉकेटची हकिगत सांगितलीत. 4 जून 1996 रोजी ते रॉकेट उड्डाणानंतर चाळीसेक सेकंदांत नष्ट झाले, कारण आधीच्या एरियन 4 मधून घेतलेल्या कोडमध्ये 64 बिटांची एक संख्या 16 बिटांत बसवली जात होती. नव्या रॉकेटचा आडवा वेग जास्त असल्याने ती तिथे मावली नाही, आणि नव्या उड्डाणमार्गाची आकडेवारी देऊन तो भाग आधी तपासलाच गेला नव्हता. माझ्या रकान्याचे दुखणे हेच होते.

त्यानंतर मला आमच्या बाकीच्या सवयीही दिसू लागल्या. डेव्हलपमेंट लांबले की कात्री तुमच्या दिवसांना लागे, रिलीजनंतर बग निघाला की ‘टेस्टिंगने कसा पकडला नाही’ असे विचारले जाई, आणि तो बग कोडमध्ये घातला कोणी, हे विचारणारा बैठकीत कोणीच नसे. (घालणारा बहुधा मीच असे.) आता बग उघडताना मी नोंदवणाऱ्याचे नाव शेवटी पाहतो, आणि आवश्यकता ठरवण्याच्या पहिल्याच बैठकीला टेस्टरना बोलावण्याचा हट्ट धरतो, तो दर वेळी मान्य होतोच असे नाही.

बग नोंदवण्याच्या ट्रॅकरमधला माझा तो शेरा मी पुसलेला नाही. त्याखाली ‘हा बग खरा होता, उशिराबद्दल क्षमस्व’ एवढे लिहून ठेवले आहे. तुमच्या जागी आलेल्या मुलाने परवा तो वाचला आणि काही न बोलता माझ्या नव्या स्क्रीनवर तीन बग नोंदवले.

कळावे,
आपला कृतज्ञ,
शेजारच्या टेबलावरचा डेव्हलपर
ठाणे